वारणेपर्यंत

"भारतखंडाच्या बाहेर पाऊल टाकायचं न्हाय, असा नियम हाय तिचा," अक्का म्हणाली, आणि परातीतले चुरमुरे चाळून खालचा बारीक चुरा वेगळा काढू लागली. आपण आत्ता काय बोलून गेलो याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूसही नव्हता.

त्रिशलाच्या हातातला झारा कढईतच राहिला. फोडणीतली मिरची काळी पडायला लागली तसा तिनं गॅस बंद केला.

"कुणाचा नियम, अक्का?"

"कुणाचा म्हंजे? स्नेहलचा. नेसरीच्या शिबिरात घेतलावता न्हवं? तू बी घेतलास, मी बी घेतला, तिनं बी घेतला. ईसरलीस?"

त्रिशला विसरली नव्हती. पण ती गोष्ट आठवणीच्या इतक्या तळाशी जाऊन बसली होती, की गेले तीन महिने घरात पासपोर्ट, व्हिसा, लोकरीचे मोजे असे शब्द इकडून तिकडे फिरत होते, तरी ती एकदाही वर आली नव्हती.

चार दिवसांवर लेकीचं, स्नेहलचं, जाणं आलं होतं. नॉर्वेच्या पार उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत समुद्र आत शिरून बसलाय अशा एका गावात सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासवर्ग होता. हिमनद्या किती मागं सरकल्या ते डोंगरावर चढून मोजायचं, आणि संध्याकाळी तिथल्या शिक्षकांपुढं मांडायचं. साऱ्या विद्यापीठातून दोनच मुलं निवडली होती. त्रिशलाच्या सासऱ्यांनी, तात्यासोंनी, त्या गावाचा फोटो आपल्या फोनवर घेऊन शाहूपुरीतल्या अख्ख्या गूळ मार्केटला दाखवला होता: हिरवागार कडा, आरशासारखं पाणी, काठाला तांबडी लाकडी घरं. "आमची नात हितं चाललीया," असं म्हणून ते बोट ठेवायचे आणि हमखास फोटो मोठा होऊन नुसतं पाणीच दिसायचं.

तात्यासोंची थोरली बहीण अक्का मात्र कालच गडहिंग्लजहून एसटीनं आली होती. स्नेहल 'बाहेर' शिकायला चाललीय एवढंच तिला ठाऊक होतं, आणि तिच्या लेखी बाहेर म्हणजे फार तर पुणे. आज सकाळी तो फोटो तिनं पाहिला. "समुद्रापल्याड?" एवढंच तिनं विचारलं होतं. नंतर पूजा आटोपून ती चुरमुरे चाळायला बसली होती.

शिबिर स्नेहलच्या चौथीच्या सुट्टीतलं. नेसरीला मांडव घातला होता. जैन मुनिमहाराजांनी त्या दिवशी दिग्व्रत समजावून सांगितलं होतं. माणसानं दाही दिशांना आपली मर्यादा आखून घ्यावी. तेवढ्या मर्यादेतच आपलं जाणंयेणं, आपला लोभ, आपला व्याप ठेवावा. त्या मर्यादेबाहेरच्या साऱ्या पापातून माणूस तेवढा सुटतो. ऐकताना त्रिशलाचं मन भरून आलं होतं. "ज्यांना भारतखंडाची मर्यादा घ्यायची त्यांनी हात वर करावा," असं महाराज म्हणाले, आणि बायकांच्या बाजूला एकदम हातांचं रान उगवलं. त्या बायकांनी त्याच दमात कितीतरी फळं सोडली होती. त्यातल्या निम्म्या फळांची नावंसुद्धा कुणी ऐकली नव्हती. न मिळणारं सोडायला काय लागतं? शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याच्या सुनेला भारतखंड म्हणजे तरी काय लहान होतं? ती कुठं त्याच्या बाहेर जाणार होती?

शेजारी स्नेहल पाय खाजवत बसली होती. त्रिशलानं आपला एक हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट धरून तिचाही.

*

उन्हं उतरायच्या आत घरातली जेवणं उरकायची, हा या घराचा रिवाज. त्रिशलाचा नवरा अभिनंदन दुकानातून आला, हातपाय धुऊन पाटावर बसला, आणि पहिल्या घासालाच त्याला सगळं कळलं.

"कसला नियम?" तो म्हणाला. "लहान पोर होती ती."

"चौथीत हुती," अक्का म्हणाली. "मंगलाचरण म्हटलंतं तिनं माईकवर. चांगली शाणी हुती."

"अक्का, आता इशीला आली पोरगी," तात्यासो हळूच म्हणाले. "जाऊ दे की."

"तू गप. तुला मी वाढीवलाय. नियम मोडून धड ऱ्हायलेलं एक माणूस दाखीव आपल्या घरात, मग बोल."

तात्यासोंची आई गेली तेव्हा ते पाळण्यात होते. अक्का अशी बोलली की अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तात्यासो पुन्हा पाळण्यात जाऊन पडायचे. त्यांनी भाकरी मोडली, मग विषय बदलावा म्हणून म्हणाले, "आणि तिथं म्हणं उन्हाळ्यात सूर्य मावळतच न्हाय. मग हिनं जेवायचं थांबायचं कवा?"

"म्हंजे दिवसरात खातच बसायचं?" अक्काचा हात ताटात थांबला.

स्नेहलला हसू आलं. "न्हाय ओ अक्का. हितं तुम्ही ताट उचलला की तिथं मी उचलणार. घड्याळ कोल्हापूरचं. ठरलंय माझं. तिथं दुपारच असंल तवा, पण चालतंय की."

अक्का तिच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत कौतुक होतं आणि त्या कौतुकाचाच तिला राग आला होता. "एवढं पाळणार, आणि ते न्हाय?"

"हे मी पाळतो, कारण हे मी घेतलंय. ते मी घेतलेलंच न्हाय." स्नेहलचा आवाज चढला. "आईनं माझा हात धरून वर केला."

सगळ्यांनी त्रिशलाकडं पाहिलं. तिनं आमटीचं भांडं उचललं आणि कुणाला हवी का हे न विचारताच परत खाली ठेवलं.

"झालं तर मग. मिटला विषय," अभिनंदन म्हणाला.

"मिटला कसा? भर सभेत महाराजांनी मोरपिसांची पिंछी टेकवली तिच्या डोक्यावर. आता महाराज समाधिस्थ झाले. सोडवून घ्यायचा तर कुणाकडनं घेणार?"

शेवटी तात्यासोंनीच तोड काढली. महाराजांच्याच संघातल्या साध्वी माताजी सध्या हातकणंगल्याच्या वाटेवरच्या बस्तीत, जैन मंदिरात, मुक्कामाला होत्या. "उद्या दुपारी जाऊ समदी. माताजी म्हणतील तसं."

"आणि त्या न्हाय म्हणाल्या तर?" स्नेहलनं विचारलं.

स्नेहल उठून आत गेली. तिच्या खोलीतून बॅगेची चेन जोरात ओढल्याचा आवाज आला. उघडली की लावली, ते त्रिशलाला कळलं नाही.

मागच्या दारी आंचवताना अभिनंदननं तिला गाठलं. "हे बघ. आठ पूर्ण झाल्याशिवाय पोराला नियम लागत न्हाय. हे अक्कालाबी ठाऊक हाय. मी सात सांगणार. माताजी काय दाखला मागणार न्हाईत. तू फक्त गप राहा." मग टॉवेलला हात पुसत तो म्हणाला, "तसं तू बोलतेस तरी कुठं?"

*

माताजींचं दुपारचं सामायिक, ध्यान, आटोपलं होतं. बस्तीच्या ओवरीत त्या लाकडी पाटावर बसल्या होत्या, शेजारी पिंछी आणि कमंडलू. सगळ्यांनी "वंदामि माताजी" म्हणून वंदन केलं. अक्कानं काही न लपवता, काही न वाढवता सांगितलं. अक्काचं हे त्रिशलाला नेहमीच आवडायचं. भांडतानासुद्धा ती मापात खोट करत नसे.

अभिनंदननं हात जोडले. "माताजी, तेव्हा ती सात वर्षांची होती. आठ व्हायची होती."

अक्कानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं त्रिशलाकडं पाहिलं. म्हणजे अक्का बोलणार नव्हती. आजवर सगळ्यांना बोलून दमवणाऱ्या या बाईनं ऐनवेळी ते ओझं उचलून सरळ सुनेच्या पदरात टाकलं होतं. तात्यासो खांबावरचं कोरीव काम बघत होते. स्नेहल मान खाली घालून फरशीवर बोटानं रेघा ओढत होती.

वर कबुतरं घुमत होती. आता नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहायला त्रिशलाला कधीच कष्ट पडले नव्हते. पोरगी जाईल. त्या हिरव्या कड्यावर उभी राहील, तिला हवं ते मोजेल. त्रिशलाला तरी दुसरं काय हवं होतं? लेक दिव्याखाली वाचत बसायची तेव्हा पाण्याचा तांब्या नेऊन ठेवणारी तीच होती. पण हे पाहिलेलं पोरगी सोबत घेऊन जाईल: बस्तीत, माताजींसमोर, आपल्यासाठी सगळं घर खोटं बोललं.

"नऊ," त्रिशला म्हणाली.

"काय?" अभिनंदन वळला.

"नऊ पूर्ण झाली होती, माताजी. चौथीची परीक्षा झाली होती."

स्नेहलचं बोट फरशीवर थांबलं. तिनं मान वर करून आईकडं असं पाहिलं, की त्रिशलाला नजर बाजूला घ्यावी लागली.

माताजी अभिनंदनला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी स्नेहलला विचारलं, "बाळ, तुला आठवतंय?"

"आठवतंय."

"काय आठवतंय?"

"आईच्या हाताला घाम आला होता." स्नेहल थांबली. "तिनं मनगट घट्ट धरलं होतं. मी सोडवून घ्यायला बघत होते. पायाला डास चावला होता."

"आणि नियम?"

"मला वाटलं, हात वर केला की खाऊ मिळणार."

तात्यासो खाकरले. माताजींच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. मग त्या म्हणाल्या, "नियम मनात उगवावा लागतो. हिच्या मनात तो उगवलाच नाही, तर मोडणार काय? मुलीला जायला अडकाठी नाही."

अभिनंदननं मोठा श्वास सोडला. पण अक्का जागची हलली नाही. "माताजी, चुकत असंन तर क्षमा करा. भर सभेत महाराजांच्या म्होरं दिलेला शब्द हाय. त्यो हवेत गेला म्हणायचं काय?"

"हवेत कसा जाईल? ज्याच्या मनात होता, त्याच्यापाशी असेल."

त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. त्रिशला पुढं सरकली आणि गुडघ्यावर बसली.

"मला द्या, माताजी. तिच्या वाटचा."

"तुमचा तर आहेच. एकच नियम दोनदा कसा घेणार?"

"मग माझा आवळून द्या. ती परत येईपर्यंत जिल्ह्याची शीव."

"अगं..." अभिनंदन म्हणाला.

माताजींनी हातानंच त्याला थांबवलं. त्रिशलाकडं बघत त्यांनी अगदी हळू विचारलं, "प्रायश्चित्त म्हणून घेता, की मुलीला बांधून ठेवायला?"

असा प्रश्न त्रिशलाला आजवर कुणी विचारला नव्हता. देवानंसुद्धा नाही. किती उपास, किती एकासनं, किती पदार्थ सोडले. दरवेळी लोक म्हणाले, बाई मोठी श्रद्धेची आहे.

"ठाऊक नाही, माताजी."

"हे खरं बोललात. मग घाई करू नका. बसा थोडं."

ती डोळे मिटून बसली. कबुतरं उडाली, पुन्हा येऊन बसली. मनात चाचपडता चाचपडता तिला नेसरीचा मांडव दिसला नाही, महाराज दिसले नाहीत. लेकीचं बारकं मनगट दिसलं, आणि त्यावरची आपली बोटं. तिनं ती एकेक करून सोडवली.

"प्रायश्चित्त म्हणून," ती म्हणाली.

पिंछी तिच्या डोक्याला टेकली.

*

बस्तीच्या पायऱ्यांवर चपला घालताना स्नेहलनं तिला गाठलं.

"म्हणजे तू मुंबईला येणार न्हाईस. विमानतळावर."

"नाही."

"हे बोलायच्या आधी कळलंवतं तुला?"

"कळलं होतं."

"तू नेहमी असंच करतेस, आई. माझ्या दहावीला तू दूध सोडलीस. बारावीला तूप. मी पेपर लिहायला बसलो की मला तुझं कोरडं ताट दिसायचं. आणि आता? मी तिथं डोंगर बघू, का तू कुठल्या शिवेला अडकलीस ते बघू? मला माताजींनी सोडलं, आणि तू परत बांधलंस."

"बांधलं नाही गं."

"मग काय केलंस?"

पायऱ्यांवर ऊन होतं. त्रिशलाला वाटलं, सांगावं. पण सांगायला लागलं की ते पुन्हा नियमासारखं वाटेल. ती एवढंच म्हणाली, "तू येईपर्यंत मी घरी असणार. एवढंच केलं."

"मग न्हाईच जात मी," स्नेहल म्हणाली आणि ताडताड गाडीकडं गेली.

ते तीन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. अभिनंदन बायकोशी बोलत नव्हता, कारण तिनं त्याला माताजींसमोर खोटं पाडलं होतं. स्नेहल आईशी बोलत नव्हती. तात्यासो सगळ्यांशी बोलायचे आणि त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं. नवल म्हणजे अक्काच त्रिशलाच्या मागंमागं फिरत होती. तिच्या हातातलं पातेलं काढून घ्यायची, भडंग डब्यात भरायची, बिनलसणाचं म्हणून वर चिठ्ठी डकवायची. एकदा जिरे भाजता भाजता म्हणाली, "मला वाटलंतं, तू सात म्हणशील."

"आणि म्हटलं असतं तर?"

"तर मीबी सातच म्हटलं असतं." अक्कानं गॅस बारीक केला. "तेवढ्यासाठी तर गप बसलो. माझं मनबी पोरीच्याच बाजूला हुतं, तुला काय वाटलं?"

स्नेहलची बॅग मात्र दारात उभीच होती. जाते म्हणत नव्हती, जात नाही असंही पुन्हा म्हणत नव्हती. जायच्या आदल्या दिवशी त्रिशलानं पाहिलं, बॅगेला कुलूप लावलेलं होतं.

*

पहाटेची पूजा झाल्यावर गाडी निघाली. अभिनंदन चालवायला, शेजारी तात्यासो, मागं अक्का, स्नेहल, त्रिशला. ठरलं होतं ते असं: वारणेच्या पुलाअलीकडं अभिनंदन गाडी थांबवणार, तात्यासो, अक्का आणि त्रिशला उतरणार, आणि तिघं वडापच्या जीपनं घरी परतणार. नदीच्या पलीकडं सांगली जिल्हा.

किणीचा टोलनाका गेला. घुणकीच्या पुढं रस्त्याच्या कडेला गाडी थांबली. तात्यासो उतरले. त्रिशला उतरली.

"अक्का, चला," अभिनंदन म्हणाला.

"मी उतरत न्हाय." अक्का पाय पोटाशी घेऊन सीटवर नीट बसली. "माझं गाळलेलं पाणी माझ्या तांब्यात हाय, दशम्या फडक्यात हैत. ह्या पोरीला आत सोडताना घरातली बाई नगं व्हय बरोबर? मुंबई भारतखंडातच हाय म्हंतात."

तात्यासो हसायला लागले ते थांबेचनात. अभिनंदन आरशात बघून म्हणाला, "अक्का, आठ-नऊ तास बसवंल काय?"

"गडहिंग्लजच्या एसटीत बसून बघ एकदा, मग मला इचार."

स्नेहल खाली उतरली होती. ती आजोबांच्या पाया पडली. मग आईसमोर येऊन उभी राहिली, पण वाकली नाही. पुलाकडं बघत राहिली.

"तात्या," तिनं विचारलं, "जिल्ह्याची शीव काठाला असते का नदीच्या मधोमध?"

तात्यासोंनी डोळे पुसले. "मधोमध असंल की. नदी दोघांची."

"मग अर्धा पूल आईचा हाय."

कुणाला काही कळायच्या आत तिनं वडिलांना सांगितलं, "पप्पा, तुम्ही गाडी पलीकडं लावा. मी चालत येतो." आणि मग आईकडं बघत, "येतेस?"

पुलाच्या कडेची वाट अरुंद होती. दोघी एकामागं एक चालाव्यात एवढीच. बाजूनं ट्रक गेला की सगळा पूल थरथरायचा आणि पदर उडायचा. खाली वारणा संथ वाहत होती, दोन्ही काठांना ऊस उभा. स्नेहल पुढं, त्रिशला मागं.

"मला अजून राग हाय तुझा," स्नेहल मागं न बघता म्हणाली.

"असू दे."

"तिथं जाऊनबी राहील."

"राहू दे. घेऊन जा."

स्नेहलच्या खांद्याला हसण्यासारखं काहीतरी झालं. थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "नऊ म्हटलीस तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. तुझा एवढा राग आलता." तिनं कठड्यावर हात टेकला. "पण मी तुझ्या जागी असतो ना, तर मला सात म्हणवलं असतं का, तेच रोज बघतो मनात. न्हाय म्हणवलं."

मध्यावर आल्यावर त्रिशला थांबली. कुठं काही खूण नव्हती, दगड नव्हता. नदीचे दोन काठ सारखेच लांब दिसले, म्हणून ती थांबली. स्नेहल वळली. आता ती वाकली, आईच्या पायाला हात लावला. त्रिशलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मग स्नेहल निघाली.

पलीकडच्या काठाला गाडी उभी होती. अक्का खिडकीतून अर्धी बाहेर येऊन काहीतरी ओरडत होती. स्नेहल पुलाच्या टोकाशी पोचली, तिथंच थबकली, खांद्यावरची पिशवी चाचपली. मग वळून तिनं तोंडाशी हात नेले आणि काहीतरी विचारलं. ट्रकच्या आवाजात ते विरून गेलं.

त्रिशलाचा पाय उचलला गेला. तो तिनं तिथंच खाली ठेवला.

"काय?" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"...चष्मा! माझा दुसरा चष्मा!"

त्रिशलानं कठडा धरला, छाती भरून श्वास घेतला. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी, शेजाऱ्यांनी, बस्तीतल्या बायकांनी, कुणीच तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"काळ्या पिशवीतऽऽ!" ती ओरडली. "बाजूच्या कप्प्यातऽऽ! मोज्यांच्या खालीऽऽ!"

एक दुचाकीवाला वेग कमी करून तिच्याकडं बघत गेला. पलीकडं स्नेहलनं पिशवीत हात घातला, चष्मा बाहेर काढला, आणि गाडीत बसायच्या आधी तो डोळ्यांवर चढवून एकदा आईकडं नीट बघून घेतलं.